चव्वेचाळीस अंशांचं पाणी

११ डिसेंबर. पाणी ५३. वारा नाही.

वर्जिलच्या वहीत एका दिवसाला एक ओळ असते. तारीख, धक्क्यावरून फॅरनहाइटमध्ये मोजलेलं पाण्याचं तापमान आणि वारा. चाळीस हिवाळे त्याने यापलीकडे एक शब्द लिहिला नाही. आमच्या लग्नाच्या दिवशीची ओळ मी एकदा हळूच शोधून काढली होती. "५८. वारा नाही." बस. मला एका ओळीत मावत नाही, म्हणून मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. रागावला तर रागावू दे. रागावला तर बरंच होईल.

काल त्याला इस्पितळातून घरी आणलं. उजवा पाय ओढत का होईना, काठी धरून पलंगापासून खुर्चीपर्यंत येतो. उजव्या हाताची मूठ मिटलेली आहे. बोलणं गेलं. "हो" आणि "नको" राहिलंय, आणि राहिल्या आहेत शिव्या. पाणी मागता येत नाही पण शिवी अख्खी येते, आईबापासकट. सिस्टर पर्पेच्युआंच्या कॉन्व्हेंट शाळेत अकरा वर्षं काढलेल्या बाईने यावर देवाचे आभार मानावेत की कान झाकावेत? मी आभार मानले. निदान आवाज तरी त्याचा आहे.

आज सकाळी सात वाजता त्याने डाव्या हाताने खिडकीतला थर्मामीटर उचलून माझ्यापुढे धरला. मी झग्यावर कोट चढवून धक्क्यावर गेले, दोरीने तो पाण्यात सोडला, तीन मिनिटं उभी राहिले. बोटं बधिर झाली. त्रेपन्न, म्हणाले. त्याने मान हलवली आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. दिवसभर तसाच.

१५ डिसेंबर. पाणी ५१. थोडा उत्तरेचा वारा.

केंड्रा नावाची मुलगी आता आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी येणार. पंचविशीची, हसरी. तिने त्याच्या उजव्या मुठीत मऊ चेंडू दिला. "मिस्टर टॅकेट, दाबा बघू. लहान मुलासारखं नाही, अस्वलासारखं."

त्याने चेंडू डाव्या हाताने घेतला आणि फेकला. चुलीखाली गेला. सोबत एक शिवीही गेली.

जाताना पोर्चवर ती हळू आवाजात म्हणाली, "मिस लिओना, पहिले तीन महिने सोन्याचे असतात. त्यानंतर हात जिथं असेल तिथंच बहुतेक राहतो. त्यांनी करायला हवं. मी त्यांच्यासाठी करू शकत नाही."

बावीस नोव्हेंबरला झटका आला, तिथून तीन महिने. मी बोटांवर मोजले. फेब्रुवारीअखेर.

खरं लिहिते, मला हाताची एवढी भीती नाही. मला त्या भिंतीची भीती वाटते. चाळीस वर्षं जो माणूस घरातल्या कुठल्याही खोलीत तळ्याकडे तोंड करूनच बसला, तो चार फुटांवरच्या भिंतीकडे बघत बसतो. भिंतीवर काही नाही. मी कॅथलिक, तो बाप्टिस्ट, म्हणून माझ्या आईने दिलेला क्रूसही त्याने दुसऱ्या भिंतीवर लावायला लावला होता.

२० डिसेंबर. पाणी ४९. ढगाळ.

"एकोणपन्नास," म्हणाले आणि त्याने मान वर केली.

पन्नासच्या खाली पाणी गेलं की बाकी सगळे होड्यांवर ताडपत्री घालतात आणि याचा हंगाम सुरू होतो. उन्हाळ्यात बास मासा कुणालाही सापडतो, असं तो तुच्छतेने म्हणायचा. ओहायोपासून, नॅशव्हिलपासून लोक जानेवारीत त्याच्या होडीतून मासे धरायला यायचे, नाकाचे शेंडे लाल करून घ्यायचे आणि खुश होऊन जायचे. हिकरी फोर्कच्या तळ्यातला तांबूस, लहान तोंडाचा बास थंडीत कसा धरायचा हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. कळत नाही. खोडून पुन्हा लिहिलं.

त्याने गळाच्या लांब काठीकडे बोट केलं. मग माझ्याकडे. मग तळ्याकडे.

"जा," म्हणाला.

नवा शब्द! मी हसले, टाळी वाजवली, त्याच्या कपाळाचा मुका घेतला. तो हसत नव्हता. "जा."

दुपारी नोव्हलीन क्रॅबट्री बीन्सचं पातेलं घेऊन आली. रस्त्याच्या टोकाला तिचं गळ-आमिषाचं दुकान आहे, हिवाळ्यात तिथे चिटपाखरू नसतं. चौऱ्याहत्तरची आहे आणि तोंडाने वर्जिलची थोरली बहीण शोभेल.

"मग जा की," ती म्हणाली.

"अगं, मला काय येतंय? चाळीस वर्षांत त्याने मला होडीत बसवलं नाही."

"कारण तू बोलतेस. मासे नव्हते पळत, तो पळत होता." मग भिंतीकडे बघत बसलेल्या त्याच्या पाठीकडे हनुवटी करून म्हणाली, "बये, महिन्यात त्याने एकच गोष्ट मागितली आहे. तू तळ्यावर जा, मी इथं बसते त्याच्यापाशी. आल्यावर काय झालं ते सांग. सांगायला तुला तर आवडतंच."

२९ डिसेंबर. पाणी ४८. ऊन, वारा नाही.

गेले. धक्क्याच्या पलीकडे खडकाचा उभा कडा थेट पाण्यात उतरतो, तिथपर्यंत छोटी होडी वल्हवत नेली. नोव्हलीनने जीवरक्षक जाकीट माझ्या कोटावर असं आवळलं की श्वास घ्यायला परवानगी मागावी लागेल. नऊ फुटी काठी, केसासारखी बारीक दोरी, दोरीला बूच, बुचाखाली दहा फुटांवर माशी. माशी म्हणजे खरी माशी नव्हे. शिशाच्या मण्यात ओतलेला गळ आणि त्यावर दोऱ्याने गुंडाळलेली पिसं नि केस, नखाएवढं काहीतरी. वर्जिल स्वतः बांधतो. त्याच्या डबीत तेरा उरल्या होत्या.

इतकं सुंदर ऊन होतं. पाणी आरशासारखं. दोन तास बसले, काही नाही. पण खरं सांगायचं तर मजेत बसले.

परत आले तर वर्जिलची खुर्ची खिडकीकडे फिरलेली! मी नोव्हलीनकडे बघितलं. "मी नाही फिरवली," ती म्हणाली. "हिला काय मिळालं ते विचार, वर्जिल. काही नाही मिळालं. असल्या दिवशी, बये, कपडे वाळत घालावेत. मासेमारीला घाणेरडा दिवस लागतो. लाटा हव्यात. लाट बुचाला नाचवते, बूच माशीला नाचवतं, आणि आपण हात पोटाशी धरून काही करायचं नसतं."

"काहीच नाही?"

"गारठ्यात मासा धावत नाही. तो आमच्या चर्चमधल्या डीकनसारखा असतो. ताट तोंडासमोर आलं तरच खातो, उठून वाढून घेत नाही."

वर्जिलच्या घशातून एक आवाज आला. मला वाटतं तो हसला. देवा, तुझे उपकार.

४ जानेवारी. पाणी ४६. नैर्ऋत्येचा वारा, भुरभुर.

आज घाणेरडा दिवस होता, म्हणून गेले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. सिस्टर पर्पेच्युआ आम्हाला रोज पंधरा मिनिटं हात बाकावर ठेवून नुसतं बसायला लावायच्या. खाज आली तरी हलायचं नाही. तेव्हा वाटायचं ही बाई दुष्ट आहे. आज बुचाकडे बघत बसताना त्यांची आठवण झाली आणि त्यांच्या आत्म्यासाठी हेल मेरीची एक प्रार्थना म्हटली.

मासा काही लागला नाही. बूच एकदाही पाण्याखाली गेलं नाही. उलट ते सारखं आडवं पडत होतं. सहा वेळा तरी पडलं. उभं तरंगायचं सोडून आळशासारखं कुशीवर व्हायचं, मग पुन्हा उभं. माझी गाठ चुकली असेल किंवा शिसं हलकं असेल. दोन माश्या खडकात अडकून गेल्या.

घरी आले तर काय तमाशा. दुर्बीण जमिनीवर पडलेली, वर्जिल लालबुंद, आणि शिव्यांचा असा पाऊस की नोव्हलीनने कानांत बोटं घातली होती. छातीत दुखतंय का, मी विचारलं. "नको! नको!" तो ओरडला. मी रक्तदाबाची गोळी दिली. थुंकली. घाबरले आहे. केंड्राला फोन करू का?

६ जानेवारी. पाणी ४६.

फोन केला नाही, बरं झालं.

आज जेवताना मी त्याला परवाचं सगळं शांतपणे सांगत होते. बूच आडवं पडत होतं म्हणाले मात्र, त्याने माझ्या हातातला चमचा घेतला. बटाट्याच्या लगद्यात उभा रोवला. माझ्याकडे बघितलं. मग चमचा हळूच आडवा केला आणि डाव्या हाताने टेबलावर अशी थाप मारली की मिठाची बाटली उडाली.

"ओढ!"

मी बघत राहिले. त्याने पुन्हा चमचा उभा केला, पुन्हा आडवा. "ओढ! ओढ!"

"आडवं पडलं म्हणजे मासा असतो?"

"हो!" आणि मग एक शिवी, पण तिच्यात इतका सुटकेचा भाव होता की ती प्रार्थनाच वाटली.

आता कळलं. इतक्या गार पाण्यात मासा झडप घालून खाली पळत नाही. तो माशी तोंडात धरतो आणि जरासा वर येतो. खालचं ओझं नाहीसं झालं की बूच आडवं होतं. मी ओझं वाढायची वाट बघत होते. परवा सहा मासे माझ्या दोरीला तोंड लावून गेले आणि मी गाठीला दोष देत बसले. तो खिडकीतून दुर्बिणीने बघत होता आणि त्याला ओरडून एक शब्द सांगता येत नव्हता.

मी रडले. मग दोघंही हसलो. बटाटे गार झाले, तसेच खाल्ले.

९ जानेवारी. पाणी ४५. वारा, ढग.

मिळाला! बूच आडवं झालं, मी ओढलं, आणि दोरीच्या टोकाला कुणीतरी जिवंत होतं. गारठ्यातला मासा उड्या मारत नाही, तो फक्त नको म्हणत राहतो. जाळीत घेतला. पितळी अंगावर गडद पट्टे, डोळे लाल. सतरा इंच. त्याचे आभार मानले आणि सोडून दिला. सोडताना हात पाण्यात बुडाला आणि मी किंचाळले. ते म्हणे घरापर्यंत ऐकू गेलं.

वर्जिलला सगळं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानेच "हं?" करून मागितलं.

१४ जानेवारी. पाणी ४४.

आणखी तीन मासे या आठवड्यात. पण खडकांनी माश्या खाल्ल्या, डबीत दोनच उरल्या. दुकानातल्या तयार माश्या वर्जिल हातात धरत नाही, फार जड नि फार देखण्या म्हणतो. म्हणायचा. डबी त्याच्यासमोर धरली तेव्हा त्याने दोन माश्यांकडे बघितलं आणि मग आपल्या मुठीकडे. मला स्वतःचा राग आला. का दाखवली मी?

नोव्हलीन म्हणाली, "मी बांधून आणते. मला कुठं कामं आहेत."

केंड्राचा चेंडू पुन्हा चुलीखाली गेला. ती म्हणाली, "मिस्टर टॅकेट, अर्धा वेळ संपला." त्याने तिच्याकडे बघितलंच नाही. मी बघितलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं.

१९ जानेवारी. पाणी ४३. जोराचा वारा.

नोव्हलीनने अंड्याच्या खोक्यात तीन माश्या दिल्या. बिचारी! तिच्या हाताला काय झालंय? दोरा लोंबतोय, पिसं एका बाजूला, एक तर भिजलेल्या उंदरासारखी दिसते. संधिवात असणार. मी काही बोलले नाही. "छान आहेत गं," म्हणाले. खोटं बोलले, शनिवारी फादरपुढे कबूल करीन. तिच्या बोटांसाठी नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू केली आहे.

पण गंमत, त्या उंदराला मासा लागला.

आपली उशी उसवली आहे वाटतं. वर्जिलच्या खुर्चीखाली पिसं सापडली. उलटून पालटून पाहिली, शिवण कुठे गेली ते कळलं नाही.

२५ जानेवारी. पाणी ४२. बर्फ.

हे लिहू की नको? दैनंदिनीत खोटं लिहिण्यात अर्थ नाही.

गेले काही दिवस तळ्यावरून आले की घरात नेलपॉलिशचा वास येतो. मी लावत नाही. शाळेत बंदी होती आणि नंतर सवय झाली नाही. म्हणजे नोव्हलीन लावते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. आज मी धक्क्यावरून वर येत होते तेव्हा ती मोठ्याने हसत होती आणि वर्जिलही. मी आत गेले आणि दोघं गप्प झाले. त्याचे केस नीट विंचरलेले होते. ओठाला लाल दोऱ्याचा तुकडा चिकटला होता, मी काढायला गेले तर त्याने तोंड फिरवलं.

मला हेवा वाटला. सासष्ट वर्षांची बाई, अर्धांग झालेल्या नवऱ्यावरून शेजारणीचा हेवा करते! मी तिला कॉफी दिली, पण साखर विचारली नाही.

त्याला तिच्यासोबत हसता येतं. मग मी दिवसभर काय चुकीचं करते? त्याचं तोंड पुसते, बटणं लावते, चमच्याने भरवते. मी आले की तो आजारी होतो. हे लिहिताना हात थांबला. खरं असावं.

३ फेब्रुवारी. पाणी ४२. सेंट ब्लेझचा दिवस.

आज गळ्यांना आशीर्वाद देतात. फादर प्रार्थनेनंतर घरी आले आणि दोन मेणबत्त्या फुली करून वर्जिलच्या गळ्याशी धरल्या. बाप्टिस्ट माणूस हनुवटी वर करून गुमान बसला. प्रार्थना संपता संपता मेणबत्ती कॉलरला टोचली असावी, कारण त्याने एक स्पष्ट, खणखणीत शिवी दिली.

फादर म्हणाले, "आमेन. उच्चार उत्तम आहे."

नोव्हलीनची माशी आता खूप सुधारली आहे. दोरा घट्ट, पिसं सरळ. नोव्हेना फळाला आली म्हणायची. तिला सांगितलं, मी तुझ्या बोटांसाठी प्रार्थना करते आहे. ती विचित्र नजरेने बघत राहिली, मग म्हणाली, "थांबू नकोस, बये. चालू ठेव."

१० फेब्रुवारी. पाणी ४१. गारा, जोराचा वारा.

पाण्यावर बारीक चांदीसारखे शॅड मासे उलटे तरंगत होते. पाणी इतकं गार झालं की ते बिचारे मरतात, आणि बास वर येऊन त्यांना अलगद टिपतो. वर्जिल वर्षभर या दिवसांची वाट बघायचा. पण गारा तोंडावर बसायला लागल्या, म्हणून मी पाऊण तास आधीच परतले.

स्वयंपाकघराच्या दाराला काच आहे. हात कडीवर होता आणि आत दिसलं.

टेबलाच्या कडेला छोटी लोखंडी पकड आवळलेली. पकडीत गळ. वर्जिल पुढे वाकून बसलेला, लाल दोऱ्याचं एक टोक दातांत, दुसरं डाव्या हातात. आणि उजव्या हातात, त्या मिटलेल्या हातात, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत पिसांचा झुबका. पिसं सुटत नव्हती. कपाळावर घाम. एवढ्या गारठ्यात घाम.

नोव्हलीन हाताची घडी घालून समोर बसली होती. "ढिला आहे. परत."

त्याने शिवी दिली आणि सगळं उसवून पुन्हा सुरू केलं.

माशी झाली तेव्हा तिने गाठीवर नेलपॉलिशचा थेंब सोडला. मग त्याचा उजवा हात मांडीवर घेतला आणि मिटलेली बोटं एकेक करून उघडली, जशी लहान मुलाच्या मुठीतून गोळी काढतात. त्याची त्याला ती उघडता येत नव्हती.

मी आत गेले नाही. का ते नीट सांगता येणार नाही. मी बघावं हे त्याला नको होतं. माझ्यासमोर त्याला फक्त बरं झालेलं असायचं होतं, बरं होत असलेलं नाही. मी परत धक्क्यावर गेले आणि उलट्या बादलीवर गारांत बसले. नोव्हलीनची माफी मागितली, देवाची मागितली, साखरेचीही. तास उलटून गेला तेव्हा पोर्चवर मुद्दाम बूट आपटत वर आले. टेबल स्वच्छ होतं.

नोव्हलीन म्हणाली, "एवढी भिजलीस? आणि आज उशीर?"

"मोठा मासा होता. दमवलं त्याने."

ती माझ्याकडे बघत राहिली. "असेल," म्हणाली.

तिच्या कॉफीत दोन चमचे साखर घातली. घेत नाही ती. प्यायली.

२० फेब्रुवारी. पाणी ४२.

केंड्राची शेवटची फेरी. तिने हातात धरून दाबायचं एक यंत्र आणलं होतं. वर्जिलने ते दाबलं. आकडा बघून तिने यंत्र हलवलं, पुन्हा दाबायला दिलं.

"मिस्टर टॅकेट, तुम्ही माझ्या पाठीमागे व्यायाम करत होता?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "नको," म्हणाला, अगदी साळसूदपणे. मीही तितक्याच साळसूदपणे कॉफी ओतली.

पोर्चवर मात्र ती हसत नव्हती. "मिस लिओना, मूठ आवळणं आलंय, आणि ते मी धरलंच नव्हतं. पण बोटं उघडणं आलेलं नाही. झटक्यानंतर आवळणं त्यामानाने सोपं असतं, उघडणं अवघड. ते कदाचित येणार नाही. होडीचं इंजिन, लोकांना घेऊन जाणं, त्याचा विचार आता सोडावा लागेल. तुम्ही सांगाल की मी सांगू?"

"मी सांगते," म्हणाले.

आज सांगितलं नाही. उद्याही सांगणार नाही बहुतेक. त्याने धरायला शिकण्यासाठी एवढा घाम गाळला, त्याला सोडता येणार नाही हे कुठल्या तोंडाने सांगू?

२६ फेब्रुवारी. पाणी ४४. नैर्ऋत्येचा वारा, खूप ढग, लाटा.

सगळं क्रमाने लिहायला हवं.

सकाळी चव्वेचाळीस म्हणाले तेव्हा तो उभा होता. काठीवर. डोक्यावर टोपी.

"मी जाऊ?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला.

नोव्हलीनला फोन केला. ती दुकानाला कुलूप न लावताच आली. धक्क्यापर्यंतच्या बावीस पायऱ्या उतरायला आम्हाला अर्धा तास लागला. दोन म्हाताऱ्या एका म्हाताऱ्याला कमरेच्या पट्ट्याला धरून. नोव्हलीन म्हणाली, "पडलास तर मी सोडून देईन रे, आधीच सांगते." त्याने तिला काय ते ऐकवलं.

धक्का पाण्यावर तरंगता आहे, काठ वीतभरच उंच. तिथे त्याला बुटक्या स्टुलावर बसवलं. त्याने बांधलेली माशी मी लावली. मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. त्याने गाठ निरखून बघितली आणि मान हलवली.

मी दोरी फेकली. बूच लाटांवर नाचत राहिलं. कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही. वर्जिलने एकदा आश्चर्याने माझ्याकडे वळून बघितलं, तेवढंच.

बूच आडवं झालं.

"ओढ," तो म्हणाला. पण त्याच्याआधी मी ओढलं होतं.

मोठा होता. इतका मोठा मला कधी लागला नव्हता. कड्याच्या खाली खोल जाऊन नुसता बसला, आणि मी दोरी धरून उभी. "हळू. हळू." हाही नवा शब्द. खूप वेळाने तो काठाशी आला, पितळेच्या ताटासारखा. मी जाळी उचलली. वर्जिलने डाव्या हाताने ती बाजूला सारली.

बासचा खालचा ओठ अंगठा आणि बोटात धरला की मासा निपचित होतो. वर्जिलने आयुष्यभर तसाच धरला. तो पुढे वाकला, नोव्हलीनने त्याचा पट्टा दोन्ही हातांनी पकडला, आणि त्याने उजवा हात खाली नेला. उजवा. अंगठा माशाच्या तोंडात गेला, बोट आवळलं आणि त्याने मासा पाण्याबाहेर उचलला. 

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. गळ काढला. मासा बघितला. बाकी दोघं रडत होती म्हणून मी रडले नाही.

"आता सोड," नोव्हलीन नाक ओढत म्हणाली.

त्याने हात पाण्यात घातला. बोटं उघडेनात.

त्याने डाव्या हाताने ओढायला सुरुवात केली, पण तोल जाऊ लागला. मासा कल्ले उघडमीट करत होता. वर्जिलच्या तोंडावर जे दिसलं ते मला पुन्हा बघायचं नाही. आता मी त्याला केंड्राचं सांगायची गरज नव्हती.

मी गुडघ्यांवर बसले आणि मनगटापाशी त्याचा हात धरला. मी त्याची बोटं उघडली नाहीत. उघडू शकले असते, नोव्हलीनसारखी, एकेक करून. तेच करणार होते. पण तो म्हणाला, "थांब."

म्हणून मी थांबले. त्याचा हात कोपरापर्यंत पाण्यात, माझे दोन्ही हात मनगटांपर्यंत. मासा शेपटी हलवत त्याच्या हातात उभा होता, प्रवाहात उभा राहावा तसा. गारठा हाडांत गेला, मग हाडं जाणवेनाशी झाली. नोव्हलीन पट्टा धरून मागे पुटपुटत होती, बाप्टिस्ट प्रार्थना असावी, लांबलचक होती. किती वेळ गेला माहीत नाही. माझ्या हातांखाली त्याच्या मनगटातली ती शीर, तीन महिने तारेसारखी ताणलेली, मऊ पडू लागली. गारठ्याने. आधी करंगळी सुटली. मग तिच्याशेजारची. मग माशाला कळलं की त्याला कुणी धरलेलं नाही, आणि तो घाई न करता खाली गेला.

वर्जिल पाण्यात उघड्या पडलेल्या आपल्या तळव्याकडे बघत बसला.

"लिओना," तो म्हणाला.

तीन महिन्यांनी.

२८ फेब्रुवारी. पाणी ४५. वारा नाही.

परवा घरी येईपर्यंत बोटं पुन्हा मिटली होती. शेकोटीपाशी तर पुरतीच. केंड्राला फोन केला. ती म्हणाली, गारठ्याने स्नायूंचा ताण थोडा वेळ उतरतो हे खरं आहे, पण तो थोडाच वेळ. रोज केलं तर काही राहील का? "वचन देणार नाही, मिस लिओना. पण तो थोडा वेळ वाया घालवू नका. उघडला की लगेच काम द्या त्याला." मग म्हणाली, "आणि मी तिकडे येऊन चेंडूच देत होते!"

वर्जिलला सगळं सांगितलं. इंजिनाचं, लोकांना नेता येणार नाही त्याचं, सगळं. मान खाली घालून ऐकलं. खिडकीतून खूप वेळ बाहेर बघितलं. मग बादलीकडे बोट केलं.

तळ्यातून बादली भरून आणली. त्याने आधी थर्मामीटर मागितला. नळाच्या पाण्यावर त्याचा विश्वास नाही. पंचेचाळीस, म्हणाले. एक अंश जास्त म्हणून तोंड वाकडं केलं, तरी हात घातला.

पोर्चवर शेजारी शेजारी बसलो होतो.  जरा वेळाने मी बाही वर केली आणि माझाही हात बादलीत घातला. फार गार होतं. काढला नाही. तिथे आत, त्याच्या मुठीशेजारी धरून ठेवला, आणि बोटं उघडली तेव्हा त्याने त्यांना माझा हात धरायचं काम दिलं.